बडोद्यातलं एनआयसीयू: डॉक्टर, सिस्टर मस्त, पण आईला जागाच नाही

पाचपैकी साडेतीन स्टार. एनआयसीयू म्हणजे लवकर जन्मलेल्या, आजारी बाळांचा अतिदक्षता विभाग. अलकापुरीकडचं प्रायव्हेट हॉस्पिटल आहे, तक्रार पण लिहितेय म्हणून नाव टाकत नाही.

आधी चांगलं सांगते. ताईचा पहिला मुलगा ३५व्या आठवड्यात झाला होता, ते मॅडमनी पहिल्याच व्हिजिटला फाइलवर लाल पेनने लिहून ठेवलं, कारण एकदा लवकर झालं की परत लवकर व्हायची शक्यता जास्त असते. मग बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, लघवीतलं इन्फेक्शन, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी, सगळं बघितलं. नाहीतर दोन मिनिटांत "बधुं सारुं छे" (सगळं छान आहे) म्हणून घरी पाठवणारे पण आहेतच की.

तरी ३१व्या आठवड्यात बीपी चढलंच, पायाला सूज, डोकं ठणकतंय, लगेच अ‍ॅडमिट. दर १२ तासांनी एक अशी ४ स्टिरॉईडची इंजेक्शनं द्यायची ठरली. स्टिरॉईड म्हटल्यावर ताईच्या सासूबाई हबकल्या, पण डॉक्टरांनी बसून समजावलं की हे बाळाच्या फुप्फुसांसाठी आहे, डिलिव्हरीआधी मिळालं तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो. मॅग्नेशियमचं ड्रिप पण लावलं, ताईला झटके येऊ नयेत म्हणून, आणि ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या मेंदूलाही त्याचा फायदा होतो म्हणे. माझ्या मते हॉस्पिटल जोखायचं ते इथे, काचेची पेटी काय आता बऱ्याच ठिकाणी असते. आणि छोट्या नर्सिंग होममध्ये नाव घातलं असेल आणि तिथे एनआयसीयू नसेल तर बाळ पोटात असतानाच आईला हलवा, नंतर अँब्युलन्समधून एवढंसं बाळ नेण्यापेक्षा ते कधीही बरं.

सिझर झालं, मुलगी, १ किलो ४०० ग्रॅम. सीपॅपवर ठेवली, म्हणजे नाकात छोट्या नळ्या घालून हवेचा दाब देतात. मधेच श्वास घ्यायची विसरायची, अलार्म वाजला की आमचा जीव गोळा, सिस्टर मात्र शांतपणे पाठ चोळायची. त्यासाठी कॅफीन चालू होतं, हो, चहा-कॉफीतलं तेच. सिस्टर लोक हात धुण्याबाबत भयंकर कडक, बांगड्या-अंगठ्या काढून कोपरापर्यंत, डॉक्टरांना पण सोडत नाहीत, आणि तसंच पाहिजे, या बाळांना इन्फेक्शनच सगळ्यात महागात पडतं. वरची पावडर नाही, ताईचंच काढलेलं दूध नळीतून, त्याने आतड्याच्या एका वाईट आजाराचा धोका कमी होतो.

घरी शेजारच्या आजी सांगत होत्या की सातमाशी मूल जगतं, आठव्यातलं नाही. साफ चूक आहे हो, पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच.

आता तक्रार. ताईला डिस्चार्ज दिला, बाळ आत, आणि आईला राहायला एक कॉटसुद्धा नाही! टाके ओले असताना ती दांडिया बाजारातून रिक्षाने ये-जा करत होती. कांगारू केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, दुपारी थोडा वेळ, तेवढंच. डब्ल्यूएचओने २०२२ मध्येच सांगितलंय की बाळ कमी वजनाचं असलं तरी जन्मल्यावर लवकरात लवकर आईच्या छातीशी ठेवा, २०२१ च्या ज्या अभ्यासात अशा बाळांचे मृत्यू साधारण पाव हिश्श्याने कमी झाले त्यात दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल पण होतं. भिंतीवर कांगारूचं पोस्टर लावायचं आणि आईला बाहेर बाकड्यावर बसवायचं, हे काय? सिस्टरांचा दोष नाही, नियम वरून आलेला. याचा पूर्ण एक स्टार कापला.

अर्धा बिलासाठी. रोजचा आकडा विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि ग्लोव्ह्ज, नळ्या, सिरिंजचा खर्च वेगळा. झेपणार नसेल तर सरकारीत, म्हणजे आपल्या सयाजी हॉस्पिटलमध्ये आधी विचारा, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी ठिकाणी आजारी नवजात बाळाचा उपचार मोफत असतो, २०११ पासून.

डिस्चार्जच्या वेळी मात्र कौतुक. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ४ आठवड्यांच्या आत त्यांनीच करून घेतली, ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते, कानाची बेरा टेस्ट पण झाली. आणि बाळ कधी मान धरेल, कधी बसेल ते जन्मतारखेपासून नाही, आधी दिलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजायचं, हे फाइलवर लिहून दिलं, त्यामुळे सासूबाईंचं "अजून कशी पालथी पडत नाही" थांबलंय.

फॉलोअप ओपीडी संध्याकाळी असते, नंबर फोनवर लावता येतो. पार्किंग नाही, रिक्षानेच जा.