हात उचलला की कळतं: ॲनिम्यूझिकच्या दोन डीव्हीडी

मी ऑक्टोपॅड वाजवतो. हळदीचे कार्यक्रम, गणपतीतल्या सुपाऱ्या, अधूनमधून जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा. आठ रबरी चौकोन. एकावर काठी मारली की ढोलकी, दुसऱ्यावर ताशा, तिसऱ्यावर घुंगरू. एवढी वर्षं झाली तरी कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी काका स्टेजजवळ येतातच आणि विचारतात, "ढोलकीवाला कुठं बसलावता ओ?" त्यांचं काही चुकत नाही. कानाला ढोलकी येते आणि डोळ्याला दिसतो पोळपाटापेक्षा जरा मोठा डबा. मग त्यांना वाटतं, आत टेप लावलीय आणि हा वर नुसता हात हलवतोय.

ॲनिम्यूझिक म्हणजे संगणकावर बनवलेल्या, आपोआप वाजणाऱ्या वाद्यांच्या फिल्म. त्या बनवणाऱ्यांनी बरोबर उलटं काम केलंय. आवाज माझ्यासारखाच डब्यातला, सिंथेसायझरचा. पण त्या प्रत्येक आवाजाला त्यांनी एक वाद्य बांधून दिलंय. संगणकातलंच, पण असं की बघताना वाटावं, हो, हा आवाज इथूनच निघत असणार.

पहिली डीव्हीडी २००१ची, दुसरी २००५ची. माझ्या मेहुण्यानं न्यू जर्सीहून येताना दोन्ही आणल्या, तेव्हापासून घरात आहेत. पहिलीत सात तुकडे, दुसरीत आठ. माणूस एकही नाही, शब्द नाहीत, गोष्ट नाही. यंत्रं आपली आपण वाजतात आणि कॅमेरा त्यांच्यातून फिरतो. बनवणारा वेन लायटल. हा गडी आधी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात संगणकावर वैज्ञानिक चित्रं काढायचं काम करायचा, आणि तिथंच १९९०मध्ये त्यानं अशी पहिली आपोआप वाजणारी फिल्म केली. संगीतही बहुतेक त्याचंच.

सगळ्यात गाजलेला तुकडा 'पाइप ड्रीम'. तुम्ही तो पाहिला असण्याची दाट शक्यता आहे, फक्त त्याचं नाव माहीत नसेल. नळ्यांतून गोळे उडतात, ड्रमवर, धातूच्या पट्ट्यांवर, जाड तारेवर आपटतात, उसळतात आणि नेमके नरसाळ्यात जाऊन पडतात. इमेलच्या जमान्यात हा व्हिडिओ एका भल्यामोठ्या थापेसकट फिरत होता: अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग जोडून हे बनवलंय, जुळवायला तेरा हजारांवर तास लागले, वगैरे. आमचा साउंडवाला ते मेल छापून स्टेजमागं घेऊन आला होता. मी म्हटलं, बाबा, एवढे गोळे उडतात, एक तरी खाली पडला का? तुझा माइकचा स्टँड तरी कधी न हलता उभा राहिलाय का? तो म्हणाला, "अमेरिकेत पडत नसतील." पुढं गंमत अशी झाली की २०११मध्ये इंटेल कंपनीनं खरोखरच तसं एक यंत्र उभं केलं, पेंटबॉलच्या गोळ्यांवर चालणारं, आणि नंतर ते आयोवा विद्यापीठालाच देऊन टाकलं. साउंडवाल्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. डोक्यावर बसेल.

आता मला यात एवढं काय दिसतं ते सांगतो.

माझ्या ऑक्टोपॅडच्या मागं पाच टाचण्यांच्या केबलचं एक गोल भोक आहे. त्याला मिडी म्हणतात. १९८३ सालापासून जगातले सगळे कीबोर्ड, पॅड, संगणक या भाषेत एकमेकांशी बोलतात. त्या केबलमधून आवाज जातच नाही. जातो फक्त निरोप: अमुक नंबरचा सूर, इतक्या जोरानं, आत्ता. जोर १ ते १२७ आकड्यांत मोजतात. सर्वमान्य यादीत बास ड्रमचा नंबर ३६, स्नेअरचा ३८. पुढचा डबा ते वाचून आपला आवाज काढतो.

लायटलनं त्याच निरोपावर चित्र हलवलं. त्यासाठी मिडीमोशन नावाचं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतःच लिहिलं. म्हणजे आधी संगीत पुरं होतं, मग त्याची मिडी फाइल संगणकाला दिली जाते आणि प्रत्येक सुरामागं कुठला दांडा कधी हलायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं. हातानं एकेक फ्रेम जुळवत बसायचं काम नाही. तुम्ही म्हणाल, मग सोपंच आहे. सूर आला की दांडा हलव. तसं केलं तर ते किती वाईट दिसतं हे लग्नाच्या हॉलमध्ये बघा. तिथं डीजेच्या मागं पडद्यावर रंगीत रेघा नाचतात ना, त्या असंच करतात. ठोका पडला की दचकतात. पडायच्या आधी त्यांना काहीच माहीत नसतं.

'पाइप ड्रीम'मधला गोळा ठोक्याच्या आधी निघतो. साधा हिशोब करा. गोळा मीटरभर वर जाऊन परत त्याच उंचीवर यायला जवळजवळ ०.९ सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे जो ठोका आत्ता ऐकू आला त्याचा गोळा जवळपास दोन मात्रा आधीच नळीतून सुटलेला असतो. उडत्या लयीत हवेत एकाच वेळी पुष्कळ गोळे असतात आणि त्यातला प्रत्येक जण वेगळ्या मात्रेची तारीख घेऊन निघालेला. सॉफ्टवेअरला पुढचं संगीत आधीच ठाऊक आहे, म्हणून ते आपटायच्या क्षणापासून उलटं मोजत सुटायचा क्षण काढतं.

हेच तर तबलजी करतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थाप पडते ती दिसायच्या आधी हात वर गेलेला असतो, आणि समोर बसलेल्या जाणकाराची मान त्या उचलीबरोबरच वर जाते. थाप पडते तेव्हा मान खाली. तो ऐकून डोलत नसतो, तो वाट बघून डोलत असतो. माझ्या डब्यावर काठी चार बोटं उचलली तरी आवाज पूर्ण निघतो, म्हणून ऑक्टोपॅडवाले आळशी होतात, उचलच विसरतात. आणि काकांना टेप वाटते. या डीव्हीडी बघून मी माझे हात बदलले. हल्ली मुद्दाम उंचावरून मारतो. आवाजात फरक शून्य, पण टाळ्या वाढल्यात.

एक काळजी मात्र घ्या. हे ब्लूटूथ स्पीकरवर लावू नका. भाच्यानं दिवाळीला असा स्पीकर आणला, आम्ही हौसेनं 'पाइप ड्रीम' लावलं, आणि गोळा ड्रमवर आपटून परत उडाल्यावर ठोका ऐकू यायला लागला. बिनतारी स्पीकरला आवाज पोचायला एकदशांश सेकंद, कधी त्याहून जास्त उशीर होतो. बातम्यांना ते खपतं. इथं सगळी मजा त्या फटीत पडून मरते. भाच्याला काही वेगळं वाटलं नाही, मला दोन मिनिटांत डोकेदुखी. सरळ वायर लावा किंवा टीव्हीचाच आवाज ठेवा.

बाकीचे तुकडे सारखे नाहीत. 'हार्मोनिक व्होल्टेज'मध्ये विजेच्या ठिणग्या सूर काढतात. बघायला झकास, पण ठिणगीला उचल कुठली? त्यामुळं ते मला परत पडद्यावरच्या रेघांसारखंच वाटतं. 'स्टारशिप ग्रूव्ह' पोरांना आवडतं. 'कॅथीड्रल पिक्चर्स' हे मुसॉर्ग्स्की या रशियन संगीतकाराच्या १८७४च्या रचनेवरचं आहे, त्यातलं संगीत दमदार, पण मी ते बघण्यापेक्षा ऐकतो. 'पोगो स्टिक्स'वर माझ्या डीव्हीडीला चरा पडलाय, तिथं चित्र अडकतं, तेव्हा त्यावर न बोललेलंच बरं.

आणि संगीताबद्दल एक रोकठोक तक्रार. सगळं फार सरळ आहे. प्रत्येक ठोका पट्टीनं आखलेल्या रेघेवर. ढोलकीची लग्गी लावणारा माणूस मात्रेच्या किंचित मागं बसतो, मग एकदम पुढं येतो आणि ऐकणारा खुर्चीत सरकतो. असली लबाडी इथं नाही. यंत्रांना गुडघे दुखत नाहीत, घाम येत नाही, आणि ते ऐकू येतं. सात तुकडे सलग बघितले की चांगल्या घड्याळांच्या दुकानात तासभर उभं राहिल्यासारखं होतं. एका वेळी दोनच बघा.

दुसऱ्या डीव्हीडीतला 'रेझोनंट चेंबर' मात्र मी कितीही वेळा बघेन. एकच मोठं तंतुवाद्य, त्याला अनेक दांड्या, आणि वाजवणारा कुणी नाही. यंत्राची बारीक बोटं दांडीवरच्या पडद्यांवर तारा दाबतात, दुसरी बोटं तारा छेडतात. इथं उचल आहे, आणि तीही दोन्ही हातांची: दाबणारं बोट आधी जाऊन बसतं, मग छेडणारं येतं. सतार शिकणाऱ्या पोराला पहिलं वर्षभर हेच सांगत बसावं लागतं.

मिरजेत राहून हे सतारमेकर गल्लीत दाखवलं नाही तर काय उपयोग, म्हणून लॅपटॉप घेऊन ओळखीच्या चाचांच्या दुकानात गेलो. चाचा सतारीसाठी पंढरपूरकडून आलेले भोपळे टिचकी मारून बघत होते. पाच मिनिटं गप्प बसून बघितलं. मग म्हणाले, "भोपळा कुठाय याला?" मी म्हटलं, चाचा, खोलीच भोपळा आहे, नावातच आहे, चेंबर म्हणजे खोली. "आणि जवारी?" जवारी म्हणजे घोडीच्या, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, माथ्याला कानसीनं दिलेला तो बारीक उतार, ज्याच्यामुळं सतार भुणभुणते, तीच काढायला लोक लांबून चाचांकडं येतात. मी म्हटलं, पाश्चात्य वाद्य आहे, जवारी नसते. चाचांनी मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची कळलं नाही. परत लाव म्हणाले, या वेळी आवाज बंद करून.

आवाज बंद करून बघितल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आपल्याला पुढचा सूर तरीही कळतो. बोट सरकलं की कळतं. चाचा मात्र बोटांकडं बघतच नव्हते. त्यांनी तारेवर बोट ठेवलं, म्हणजे लॅपटॉपच्या काचेवर.

"एवढी तार हलली तर घोडी उडंल की रे."

किंमत सांगायची तर माझ्या डीव्हीडी फुकटच्या, त्यामुळं मला बोलायचा हक्क नाही. नव्या डीव्हीडी शोधत बसू नका, यूट्यूबवर तुकडे सापडतात. तिसऱ्या भागासाठी २०१२मध्ये किकस्टार्टर या वर्गणी जमवायच्या वेबसाइटवर लोकांनी दोन लाख डॉलरच्या वर पैसे दिले होते. तो भाग काही बाहेर आला नाही. पाचपैकी साडेतीन तारे, त्यातले दोन एकट्या 'पाइप ड्रीम'चे, आणि अर्धा मी चाचांना विचारून वाढवलाय. ते तीनच म्हणत होते, जवारी नाही म्हणून.