पट्टी फिटिंगचं जुनं घर की कन्सील फिटिंगचं नवं?

परभणीत माझ्या मावसभावाने दोन घरं निवडली होती. एक जुन्या वस्तीतलं, दगड-मातीच्या भिंतींचं, पीव्हीसी पट्टी फिटिंगचं, म्हणजे वायरी भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांतून नेलेल्या. दुसरं नव्या लेआउटमधलं रो-हाऊस, कन्सील फिटिंगचं, म्हणजे सगळी वायरिंग भिंतीच्या आत, पाइपातून. "नवं म्हणजे सुरक्षित," असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मला मात्र वायरिंग पाहिल्याशिवाय ते पटेना.

पट्टी फिटिंगचे दोष लपत नाहीत. झाकण काढलं की उंदराने कुरतडलेली वायर दिसते, टेप गुंडाळून मधेच मारलेला जोड दिसतो. त्या घरात नुसत्या स्वयंपाकघरात असे तीन जोड निघाले, आणि एका जोडावरची टेप वितळून पट्टीला चिकटलेली. दुरुस्तीला भिंत फोडावी लागत नाही, ही मोठी गोष्ट. वायर आत घालायला दगड-मातीच्या भिंतीला झिरी मारायला मी कुणालाच सांगणार नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती कोसळल्या.

जुन्या घराची खरी दुखरी जागा अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर. सॉकेटला तीन छिद्रं असतात, पण वरच्या मोठ्या छिद्रामागे वायरच नसते. आपल्याकडे उन्हाळाभर लोखंडी कूलर चालतो, खाली फरशी ओली, पोरं अनवाणी. तिथे ही चूक जिवावर बेतते.

कन्सीलमध्ये बोर्डाशिवाय काही दिसत नाही. म्हणून मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, वायरमनकडून चार-पाच बोर्ड उघडून घ्या आणि वायर हलकेच ओढायला सांगा. सरकली तर पाइप मोकळा आहे, उद्या वायर बदलता येईल. अडली तर पाइप चेपलाय, ठासून भरलाय किंवा आत सिमेंट गेलंय. काळ्या मातीवरच्या घरात आणखी एक बघा: जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतीला तडे जातात. तडा बोर्डावरून गेला असेल तर आतल्या पाइपचा जोड सुटला असू शकतो.

रो-हाऊसमध्ये पाचपैकी दोन बोर्डांची वायर हललीच नाही. गिझरच्या पॉइंटला 1.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि वर 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की पडणारा स्विच. तिथे 4 ची वायर हवी होती. असा एमसीबी पडण्याआधी वायरच जळते.

घर कुठलंही असो, एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच. त्याचं 'टी' बटण दाबून तो पडतो का पाहा, पण पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. ते वायरमनकडून वेगळं तपासून घ्या. जमलं तर मे महिन्यात, कारण तेव्हा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो आणि त्याची खरी परीक्षा होते.

रो-हाऊसमधल्या सगळ्या वायरी सरकल्या असत्या, तर मीच त्याला तेच घे म्हटलं असतं. त्याने जुनं घर घेतलं. अर्थिंगचा नवा खड्डा केला, आरसीसीबी बसवला, तडकलेल्या पट्ट्या बदलल्या आणि प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थिंगची हिरवी वायर नेली. वायरमनला चार दिवस लागले, पण छिन्नी पिशवीतून बाहेर काढावी लागली नाही.