रीच वाढवून देतो म्हणाले आणि पेजच बळकावलं

आमचं वाळवणाचं काम घरगुती आहे. कुरडया, सांडगे, चिकवड्या, उडदाचे पापड. सासूबाईंच्या देखरेखीखाली गल्लीतल्या सहा बायका उन्हाळाभर राबतात. गिऱ्हाईक बहुतेक नाशिक-पुण्याचं, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून येणारं. म्हणूनच ऐन हंगामात मेसेज आला तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. "ताई, तुमचा माल एक नंबर आहे, फक्त रीच कमी पडतोय, पोस्ट पुरेशा लोकांपर्यंत पोहोचत नाही. महिन्यात दहा हजार फॉलोअर, सगळे ओरिजिनल." ठरले आठ हजार रुपये, निम्मे आगाऊ.

फॉलोअर भराभर वाढले, पण ऑर्डरचे फोन मात्र आटले. पेजच्या इन्साइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीत, फॉलोअरच्या शहरांची यादी उघडली, तर पूर्वी वर असणारी पुणे, नाशिक, ठाणे खाली गेलेली आणि वर जकार्ता, साओ पाउलो, इस्तंबूल. 'कुरडया संपल्या, नवा घाणा पुढच्या आठवड्यात' या पोस्टखाली तीच ती आगीची चिन्हं आणि "ऑसम, कीप इट अप". त्याच सुमारास पुण्याच्या एक जुन्या काकू फोनवर म्हणाल्या, "यंदा वाळवण केलं नाही का गं? तुमचं काही दिसतच नाही."

दिसणार कसं? पोस्ट टाकली की ती आधी थोड्या लोकांपुढे जाते, त्यात आपले फॉलोअर बरेच असतात. ते थांबले, सेव्ह केलं, कुणाला पाठवलं, तर ती पुढे सरकते. तिथे विकतची मेलेली खाती भरली की पोस्ट जागीच अडते. म्हणजे आमच्याच पैशांनी आमची खरी गिऱ्हाइकं आमच्यापासून तोडली गेली. हा नुसता आकड्यांचा खेळ नाही, सहा घरांची हंगामाची कमाई आहे, आणि याचा मला अजून संताप येतो.

उरलेले चार हजार देणार नाही म्हटल्यावर खरं रूप दिसलं. "जाहिरात चालवायला पेजचा फुल कंट्रोल लागतो" असं सांगून त्यांनी तो आधीच घेतला होता. हे साफ खोटं आहे. जाहिरातीपुरता वेगळा ॲक्सेस देता येतो. फुल कंट्रोल असणारा माणूस मूळ मालकालाही काढून टाकू शकतो. आम्हाला तसंच काढलं आणि पेज परत हवं असेल तर पंधरा हजार द्या म्हणाले.

आम्ही दिले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडले. चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा असतो. फॉलोअर विकणं हा काही किरकोळ उद्योग नाही. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अशाच बनावट फॉलोअरच्या धंद्यात अटक केली होती. जाहिरात करायचीच असेल तर स्वतःच्या खात्यातून, आपलं शहर निवडून, थोडे पैसे भरून पोस्ट बूस्ट करून, म्हणजे जास्त लोकांना दाखवून बघा. पावती आपल्याच नावावर राहते.

आता "पेज रिकव्हर करून देतो, ओटीपी सांगा" असे मेसेज येतात, फेसबुकच्या मालक कंपनीचा, मेटाचा लोगो लावून. तेही त्याच माळेचे मणी.

तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. जुन्या पेजवर सासूबाईंचे, अंगणातल्या खाटांवरच्या कुरडयांचे फोटो तसेच आहेत, पण खालचा मोबाइल नंबर बदललेला आहे. त्या नंबरवर कुणीही आगाऊ पैसे पाठवू नका. तो आमचा नाही.