डिक्लेअर_हँडल: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

फाइल, शोध वगैरे उघडलं की विंडोज प्रोग्रामला एक खूण देतं, ती म्हणजे हँडल; आणि डिक्लेअर_हँडल हा सी भाषेत हँडलचे वेगवेगळे टाइप बनवून देणारा विंडोजचा मॅक्रो. बॅकअप सर्व्हिसने जुने फोल्डर पुसणं बंद केलं, तिथून या भानगडीत पडलो. कोड बाहेरच्या एका कंपनीने लिहिलेला. त्यांच्या सपोर्टचं उत्तर एकच: रोज पहाटे सर्व्हिस रीस्टार्ट करा. मेंटेनन्सचे पैसे मोजून हे उत्तर ऐकायचं? सोर्स आमच्याकडे होता, म्हणून स्वतःच उघडला. फोल्डरमधल्या फाइल शोधणाऱ्या फाइंडफर्स्टफाइल या विंडोज फंक्शनने दिलेलं हँडल फाइंडक्लोजऐवजी क्लोजहँडलने बंद केलेलं! क्लोजहँडल फक्त कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याने दिलेली हँडल बंद करतं; शोधाचं हँडल हे कर्नलचं हँडल नव्हेच. क्लोजहँडल बिचारं ‘फॉल्स’ परत करतं, ते कुणी तपासत नाही, आणि डिरेक्टरी आतून उघडीच राहते. मग फोल्डर पुसला जाणार कसा?

कोड तपासून प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरने अवाक्षर काढलं नाही, खरा संताप त्याचा. हँडलची अदलाबदल पकडणारं ‘स्ट्रिक्ट’ हे सेटिंग विंडोज ३.१ पासून आहे, आता तर डीफॉल्टच चालू असतं. खिडकीचं हँडल डिव्हाइस कॉन्टेक्स्टच्या (चित्र काढायच्या जागेच्या) हँडलऐवजी दिलं की लगेच एरर. पण फाइल, थ्रेड, इव्हेंट, म्युटेक्स आणि हा शोध, सगळे एकाच हँडल टाइपचे, आणि तो टाइप म्हणजे निव्वळ व्हॉइड पॉइंटर, म्हणजे कशाचा ते न सांगणारा पत्ता.

असले घोळ शोधणाऱ्या टूलच्या लायसन्सवर पैसे घालवायची माझी तयारी नव्हती. डिक्लेअर_हँडल हेडरमध्ये फुकट पडलेलं असतं. ते वापरून शोधहँडल, इव्हेंटहँडल, फाइलहँडल असे आपले टाइप केले. सुरुवातीला बेहद्द खूश होतो. आमच्याच एका फंक्शनला इव्हेंटच्या जागी फाइल जात होती, ती पहिल्याच बिल्डला पकडली गेली. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग मुद्दाम क्लोजहँडलला शोधहँडल देऊन पाहिलं. बिल्ड बिनबोभाट झालं! सी असो वा सी++, असला कुठलाही पॉइंटर व्हॉइड पॉइंटरमध्ये गुपचूप बदलतो. म्हणजे ज्या बगसाठी हा खटाटोप केला, नेमका तोच मोकळा. पाचावरून थेट दोनवर आलो.

आता प्रत्येक हँडल एका सदस्याच्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे स्वतःचं नाव असलेल्या डब्यात ठेवतो. ते क्लोजहँडलला दिलं की कंपायलर तिथेच अडवतो. ६४-बिट विंडोजवर आठ बाइटचं स्ट्रक्ट आर्ग्युमेंट म्हणून पूर्णांकासारखंच जातं, त्यामुळे वेगाची चिंता नाही. सी मध्ये दोन हँडल थेट ताडून पाहता येत नाहीत, एवढा त्रास आहे. पण प्रत्येक टाइपला स्वतःचं ‘वैध आहे का’ फंक्शन मिळालं, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. फाइंडफर्स्टफाइल फसलं की उणे एक मिळतं, क्रिएटइव्हेंट फसलं की नल, म्हणजे शून्य. हे डोक्यात कुणी का वागवायचं?

व्हल्कन ही ग्राफिक्सची लायब्ररी वापरणाऱ्यांनी जपावं. तिथले बरेचसे हँडल ६४-बिटवर वेगवेगळे पॉइंटर टाइप असतात, पण ३२-बिट बिल्डमध्ये तेच सगळे साधे ६४-बिट पूर्णांक होतात आणि तपासणी गायब.

नवीन टूल रस्ट या भाषेत केलंय. तिच्या १.६३ आवृत्तीत, ऑगस्ट २०२२ ला, हँडल आपोआप बंद करणारा ओन्डहँडल हा टाइप आला. सोबत फसल्यावर नल देणाऱ्या आणि उणे एक देणाऱ्या फंक्शनसाठी हँडलऑरनल आणि हँडलऑरइनव्हॅलिड असे दोन वेगळे टाइप. हे पाहून फार बरं वाटलं. मात्र ओन्डहँडल शेवटी क्लोजहँडलच करतं, त्यामुळे शोधासाठी वेगळा टाइप आणि त्याचा ड्रॉप, म्हणजे शेवटी हँडल बंद करणारा कोड, आपणच लिहायचा.

जुन्या कोडमधली रजिस्ट्री अजून बाकी आहे. तिचं हँडल, एच-की, डिक्लेअर_हँडलनेच बनलेली, म्हणजे तीही क्लोजहँडलला खुशाल देता येते. पुढचं स्ट्रक्ट तिचंच.