सिग्नल ॲप: मिरजेच्या लॅबमधनं एक रिव्ह्यू (५ पैकी साडेचार)

आमची मिरजेत पॅथॉलॉजी लॅब आहे, दवाखान्यांचं गाव त्यामुळं रिपोर्टांची ये-जा दिवसभर चालू, सांगली तर आहेच पण कर्नाटकातनंपण पेशंट येतात. डॉक्टरांना रिपोर्ट पाठवायला आम्ही सिग्नल हे मेसेजिंग ॲप घेतलं आणि मला विचाराल तर प्रत्येक लॅबनं घ्यावं.

कारण सांगतो. एचआयव्हीचा रिपोर्ट असू दे नाहीतर बायोप्सीचा, तो पंधरा वर्षांनी फुटला तरी त्या माणसाचं वाटोळं व्हायचं ते होतंच. आज एनक्रिप्ट होऊन, म्हणजे गुप्त भाषेत बदलून, जाणारा डेटा कुणाला वाचता येत नाही, खरंय, पण साठवून ठेवायला कोण अडवतंय? मोठा क्वांटम कॉम्प्युटर (अणूच्या पातळीवरचे नियम वापरून काही गणितं झटक्यात सोडवणारं मशीन) आला की उघडून वाचायचा. पीटर शोर या गणितज्ञानं १९९४ मध्येच दाखवून दिलंय की असल्या मशीननं आरएसएसारखी (ही एक जुनी एनक्रिप्शनची पद्धत) कुलपं तुटतात. तेवढं मोठं मशीन अजून कुणाकडं नाही, पण रिपोर्ट तर आजच चाललाय ना!

सिग्नलनं सप्टेंबर २०२३ मध्येच यावर काम केलं. जुन्या पद्धतीच्या जोडीला कायबर नावाची क्वांटमला टिकणारी नवीन पद्धत लावली, म्हणजे चोराला दोन्ही फोडायला लागतात, नवीन पद्धतीत उद्या काय खोट निघाली तरी जुनी आहेच. अमेरिकेच्या निस्टनं (तिथली स्टँडर्ड ठरवणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०२४ मध्ये जी स्टँडर्ड जाहीर केली त्यात हेच कायबर थोडे बदल करून एमएल-केईएम नावानं आलं. आणि २०२५ मध्ये सिग्नलनं पुढचं पाऊल टाकलं, चालू चॅटच्या चाव्या (मेसेज उघडायचे गुप्त आकडे) सारख्या बदलत राहतात त्यातपण क्वांटमला टिकणारी पद्धत घातली. एवढं सगळं फुकट, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतंय. लई मोठं काम आहे हे.

अर्धा स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. खातं उघडायला मोबाईल नंबर लागतोच (२०२४ पासून युजरनेम ठेवून नंबर लपवता येतो, तेवढं बरं). आणि चॅटला ही नवीन सुरक्षा लागलीय का नाही ते स्क्रीनवर ठळक दिसायला पाहिजे होतं.

खरी काळजी पुढचीय. आमच्या लॅबच्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं तर त्यांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. पेशंटचा सगळा डेटा त्यांच्याकडं! सरकारनं २०२३ मध्ये नॅशनल क्वांटम मिशनला ६००० कोटींच्या वर मंजूर केले, चांगलंच झालं, मशीन आपल्याकडं बनायलाच पाहिजेत, पण बँका, दवाखाने, सरकारी ऑफिसं यांची जुनी कुलपं बदलायला तारीख लावून मागं लागायला पाहिजे. ब्रिटननं २०३५ पर्यंतचं टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक दिलंय. एवढी सिस्टीम बदलायची म्हणजे वर्षं जातात हो, आधी कुठं काय वापरलंय त्याची यादी करण्यातच किती वेळ जाईल.

वापरणाऱ्यांनी एवढं करा: पाठवणारा आणि घेणारा, दोन्हीकडं ॲप अपडेट पाहिजे, फोनला आणि ॲपला स्क्रीन लॉक लावा, आणि रिसेप्शनवर उघडा फोन ठेवू नका, तिथं कुठलंच एनक्रिप्शन कामाला येत नाही.