गोळी की जेल? पाळी गेल्यावर हार्मोन सुरू करताना

आमच्या नणंदबाई निपाणीला असतात. वय ४८, पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं, घामाने भिजतं म्हणून रात्रीतून दोनदा पोलकं बदलतात. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाल्या, "वैनी, डॉक्टरनी गोळी बी सांगितलीय आणि जेल बी. कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा म्हणाले की. आता मी काय ठरवू?"

मी दोन्ही घेतलंय. आधी सात महिने गोळी, आता दीड वर्ष जेल. खानापूरच्या जाऊबाईंची पिशवी काढलेली, त्यांचा हिशोब आणखी निराळा. म्हणून तिघींचं एकाच ठिकाणी लिहिते.

आधी पिशवीचं बघा

गोळी की जेल हे नंतर. आधी सांगा, पिशवी आहे की काढलीय? वाफा, घाम, उडालेली झोप, झिजणारी हाडं यांवर काम करतं ते इस्ट्रोजेन. पण पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि पुढे पिशवीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच, इस्ट्रोजेन गोळीतून घ्या नाहीतर जेलमधून. "जेल लावतेय, मग परत गोळी कशाला?" म्हणून प्रोजेस्टेरॉन सोडून देणाऱ्या बायका मला भेटल्यात. दुसरी कसलीही काटकसर करा, ही करू नका.

पिशवी काढली असेल तर बहुतेकींना एकटं इस्ट्रोजेन पुरतं. पण जाऊबाईंची गोष्ट ऐका. "अंगावरून फार जातंय" म्हणून ३६ व्या वर्षी ऑपरेशन झालं. अंडाशयं ठेवली की तीही काढली, हे ना त्यांना ठाऊक ना भावजींना. डिस्चार्जचा कागद घर बदलताना कुठेतरी गेला. आणि सगळं तर त्यावरच अडतं. दोन्ही अंडाशयं लवकर काढली असतील तर ते वाफांपुरतं राहत नाही, हाडं आणि हृदय यांचाही प्रश्न येतो. अशा बाईला दुसरी अडचण नसेल तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत तरी हार्मोन घ्यायला सांगतात. आपल्याकडे ते वय साधारण ४६-४७. जाऊबाई आज ४४ च्या आहेत, म्हणजे आठ वर्षं तशीच गेली. आमच्या भागात ऊसतोडीला, बिडीकामाला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या तिशीतच काढलेल्या आहेत. कागद असेल तर आजच ट्रंकेतून काढून ठेवा. नसेल तर सोनोग्राफीत अंदाज येतो.

पोटातून आणि कातडीतून

खरा फरक औषध अंगात कुठल्या वाटेने जातं याचा आहे. गोळी पोटातून आधी यकृतात जाते. तिथे रक्त गोठवणारे घटक जास्त बनायला लागतात, त्यामुळे पायात किंवा फुफ्फुसात गुठळी व्हायचा धोका थोडा वाढतो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढू शकतात, पित्ताशयातले खडे त्रास देऊ शकतात. जेल कातडीतून सरळ रक्तात उतरतं. नेहमीच्या मात्रेत त्याने गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. म्हणून वजन जास्त, बीपी, शुगर, अर्धशिशी असलीं दुखणी असतील तर बहुतेक डॉक्टर जेलकडेच वळतात. मलाही त्याच कारणाने बदलून दिलं, ट्रायग्लिसराइडचा आकडा बघून.

मग गोळी घ्यायचीच कशाला? कारण ती सोपी आहे. सकाळच्या चहाबरोबर एक टाकली की दिवसभर आठवण नाही. स्वस्त पडते, बऱ्याच मेडिकलमध्ये मिळते, लग्नकार्याला जाताना पाकीट पर्समध्ये टाकलं की झालं. तब्येत धडधाकट असेल, बीपी आटोक्यात असेल, तर गोळीला नाव ठेवायचं कारण नाही. (काही गोळ्यांतलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मुतातून काढलेलं असतं. माळकरी घरात हे आधी कळलेलं बरं. एस्ट्राडायॉल नावाच्या इस्ट्रोजेनच्या गोळीत ती भानगड नाही.)

जेलचं रोजचं एक कर्मकांडच असतं. आंघोळ झाली, अंग नीट पुसलं, की पंप दाबायचा. माझ्या डब्याच्या एका दाबात ०.७५ मिलिग्रॅम एस्ट्राडायॉल येतं. दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरायचं, चोळायचं नाही, स्तनांना लावायचं नाही. मग वाळेपर्यंत बाही वर करून उभं राहायचं. बेळगावच्या जुलैत पाच मिनिटांचं काम दहावर जातं आणि पोलकं तरीही चिकटतं. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून वाळल्याशिवाय शेगडीपाशी जायचं नाही. तासभर तिथे पाणी नको. आणि लावलेल्या हातावर नातवंडाला घ्यायचं नाही, औषध त्याच्या कातडीला लागतं. ज्या घरात सकाळी सहाला डबे करून द्यायचे असतात तिथे हे जमेल का, ते आधी बघा. न जमणारं जेल घेण्यापेक्षा नेमाने घेतलेली गोळी परवडली, अर्थात तब्येत सोसत असेल तर. जेल मेडिकलमध्ये मागवून ठेवावं लागतं, संपायच्या आधी आठवडाभर सांगून ठेवते मी.

पहिले तीन महिने

इथे दोन्हीकडे सारखंच. वाफा दोन-चार आठवड्यांत कमी व्हायला लागतात, पुरता गुण यायला तीन महिने. स्तन दुखतात, पोट फुगल्यासारखं वाटतं, गोळीने मळमळही होते. मला गोळीवर पहिला महिनाभर सकाळचं खाणं नको वाटायचं, जेलवर तसं झालं नाही. प्रोजेस्टेरॉन रात्रीच घ्या, गुंगी येते. पहिल्या दिवशी मी 'तरुण भारत' हातात धरूनच झोपले.

सगळ्यात घाबरवतं ते रक्त जाणं. पाळी पुरती गेलेली नसताना सुरू केलं तर प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १२ ते १४ दिवस देतात, आणि मग महिन्याला पाळीसारखं येतं. "परत बाजूला बसायचं का?" असं जाऊबाईंच्या ओळखीच्या एकीने डॉक्टरांनाच विचारलं होतं. घरात देवाधर्माचं सोवळं असेल तर हे आधीच बोलून घ्या. पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर दोन्ही रोज देतात. त्यात पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग दिसतात. सहा महिन्यांनंतरही दिसले, किंवा एकदम जास्त गेलं, तर तपासून घ्यायचं. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, धाप लागली, एका बाजूला हात-पाय लुळे वाटले, तर त्या दिवशी वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

कॅन्सरची भीती

ही भीती आली ती २००२ मध्ये अमेरिकेत थांबवलेल्या एका मोठ्या अभ्यासातून. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध जुन्या घडणीच्या दोन हार्मोनांची गोळी. १०,००० बायकांनी वर्षभर घेतली तर स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण ८ केसेस जास्त. धोका खोटा नाही, पण शेजारीण सांगते तेवढा मोठाही नाही. पिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत तो वाढलेला दिसला नाही. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायद्याचं पारडं जड असतं.

स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, गुठळी होऊन गेलेली, हृदयाचा किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, यकृत बिघडलेलं, कारण न कळलेला रक्तस्राव चालू असलेला, अशा बाईने यातलं काहीच स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. वाफांसाठी हार्मोन नसलेल्या गोळ्याही आहेत, त्या विचारा. आणि तक्रार फक्त खाली कोरडं पडण्याची, सारखी लघवीला जळजळ व्हायची असेल तर या सगळ्याची गरजच नाही. तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं, मात्रा एवढीशी की सहसा जोडीला प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. हे सांगायला बायका लाजतात आणि वर्षानुवर्षं सोसतात.

सुरू करण्याआधी बीपी, शुगर, चरबीची रक्ततपासणी, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घ्या. मिश्री लावत असाल तर तेही सांगा, लपवू नका. मग तीन महिन्यांनी दाखवायचं आणि नंतर वर्षातून एकदा.

नणंदबाईंचं बीपी १५० च्या वर असतं, आईला पायात गुठळी झाली होती. मी त्यांना जेल म्हणाले, पण आधी बीपी खाली आणून. दाखवायला त्यांना कोल्हापूर जवळ, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. तरी म्हणाल्या, "बेळगावलाच येतो वैनी, कर्नाटकच्या बसला आम्हा बायकांना तिकीट नाही. हद्द ओलांडली की पैसे की." येताना बीपीची वही आणा म्हटलंय, आणि बाही सैल असलेलं पोलकं.