साडेसहा मीटर उंच ट्रक : नेव्हिगेशन यंत्राचे आठ महिने

गेल्या दसऱ्याला आमची दहा चाकी गाडी धुतली, तोंडाला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि त्याच मुहूर्तावर काचेला नेव्हिगेशनचं यंत्र चिकटवलं. आता आठ महिने झाले. बहुतेक फेऱ्या इंदूर–भिवंडी, मध्ये चार-पाच वेळा बडोदा. यंत्र माझ्या पैशाने घेतलंय, फुकट मिळालेलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याच्या तक्रारीही आहेत आणि माझं म्हणणं एका कंपनीबद्दल नाहीच.

एबी रोडवर, म्हणजे आग्रा–मुंबई हायवेवर, चालणाऱ्याला नकाशा कशाला, असं आमचे जुने ड्रायव्हर म्हणतात. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणतो. मूळचे शिरपूरकडचे, पंचवीस वर्षं याच रस्त्यावर. राऊ, मानपूर, खलघाट, जुलवानिया, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक, झोपेत विचारलं तरी सांगतील. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण गाडी हायवेवर अडतच नाही, अडते ती शेवटच्या पाच किलोमीटरात. नवीन पार्टी (माल घेणारा व्यापारी), नवीन गोदाम, पत्ता म्हणजे फक्त 'पेट्रोल पंपाच्या मागे', आणि पार्टीचा फोन बिझी.

गेल्या पावसाळ्यात भिवंडीच्या अलीकडे फोनवरच्या नकाशाने 'चार मिनिटं वाचतील' म्हणून गाडी आत वळवली. पुढे रेल्वेखालचा बुटका रस्ता. फाटकं बंद करून रेल्वे असे भुयारी रस्ते बांधते, त्यांचं सरकारी नावच 'लिमिटेड हाइट सबवे' आहे. तोंडाशी काळी-पिवळी लोखंडी कमान. आमची गाडी ताडपत्रीसकट पावणेचार मीटर, आणि कमान नुसत्या डोळ्यांनीही त्याहून खाली दिसत होती. मागे टेम्पो, रिक्षा, शाळेची व्हॅन. क्लीनर पावसात मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारतोय, 'आने दो, आने दो', आणि अर्धा-पाऊण किलोमीटर गाडी उलटी. गोदाम बंद झालं. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी खाली झाली. (माझं मराठी इंदुरी आहे, 'गाडी खाली झाली' म्हणजे माल उतरला असं वाचावं.) एक दिवस बुडाला तो बुडालाच, त्यात परतीचं ठरलेलं भाडंही हातचं गेलं.

म्हणून यंत्र शोधायला निघालो. देवास नाक्याकडच्या एका दुकानात 'ट्रकसाठी जीपीएस द्या' म्हटलं, तर त्याने काळी डबी काढून दिली. घरी येऊन बघतो तर तिला स्क्रीनच नाही! ती ट्रॅकर होती, म्हणजे गाडी कुठे आहे हे मालकाला सांगणारी. हा गोंधळ आपल्या धंद्यात सर्रास होतो. प्रवासी गाड्यांना 2019 पासून एआयएस-140 या सरकारी मानकाप्रमाणे जे यंत्र आणि पॅनिक बटण लागतं, तेही त्याच जातीचं. त्यातून ड्रायव्हरला रस्ता कळत नाही. दुकानात जाताना 'नेव्हिगेशन, स्क्रीनवालं, नकाशा आत भरलेलं' असं सगळं बोला.

आता उंचीबद्दल, कारण सगळी मेख तिथे आहे. परदेशात ट्रकसाठी वेगळी यंत्रं मिळतात. गार्मिनची डेझल नावाची मालिका आहे, टॉमटॉमचीही आहेत. त्यांत गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन, एक्सल भरायचे, की बुटके पूल आणि वजनबंदीचे रस्ते टाळून रस्ता मिळतो. आपल्याकडे फोनवर गूगल मॅप्समध्ये दुचाकीसाठी वेगळा पर्याय आहे, ट्रकसाठी नाही. मी घेतलेलं यंत्र बाहेरून आलेलं, सात इंची, 'ट्रक स्पेशल' म्हणून विकलेलं, आत भारताचा नकाशा भरलेला. पहिल्या संध्याकाळी मोठ्या हौसेने सगळं भरलं. उंची 3.8, वजन 28.5 टन, कारण 2018 पासून दहा चाकीला कायद्याने तेवढं चालतं. पावसाळ्यातल्या त्याच गोदामाचा रस्ता मागितला. यंत्राने थेट त्याच कमानीखालून नेला.

वाटलं, माझंच काही चुकलं असेल. उंची 4.5 केली. रस्ता तोच. पाच मीटर, तोच. शेवटी यंत्र घेईल तेवढी जास्तीत जास्त भरली, साडेसहा मीटर. दोन मजली घराएवढा ट्रक! पाच-सात सेकंद विचार केला आणि पुन्हा हिरवी रेघ कमानीखालूनच. माझा मुलगा शेजारी बसून हसत होता, 'बाबा, याला गाडी दिसतच नाहीये.' ते खरंच आहे. यंत्रात उंची भरायची सोय असणं वेगळं आणि नकाशात त्या पुलाची उंची कोणी मोजून भरलेली असणं वेगळं. माझ्या यंत्रातल्या भारताच्या नकाशात त्या पुलापाशी तरी ती नव्हती, आणि नंतर माहितीतल्या आणखी तीन बुटक्या जागा तपासल्या, तिथेही नव्हती. विकत घेण्याआधी हे दुकानातच तपासता येतं. आपल्याला ठाऊक असलेल्या बुटक्या पुलापलीकडचा पत्ता द्या, उंची साडेसहा मीटर करा आणि बघा. रस्ता बदलला नाही तर 'ट्रक स्पेशल'चे जास्तीचे पैसे देऊ नका. मी दिले.

मग परत का नाही केलं? एक म्हणजे परतीची मुदत दिवाळीच्या गडबडीत निघून गेली. दुसरं म्हणजे त्यात एक साधी सोय निघाली, ती पुढे सांगतो.

वीज. ट्रकमध्ये 12-12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून 24 व्होल्ट येतात. यंत्राबरोबरचा चार्जर 12 ते 24 चालणारा होता. तिसऱ्या आठवड्यात त्याची वायर क्लीनरच्या पायाखाली तुटली आणि धुळ्याजवळ ढाब्यावरून कारचा साधा चार्जर घेतला. मालेगावपर्यंत जळका वास, पुढे यंत्र मुकं. नशिबाने चार्जरच गेला, यंत्र वाचलं. नंतर एका मिस्त्रीने 'एकाच बॅटरीवरून 12 काढून देतो' म्हटलं, त्यालाही नको म्हणा. एक बॅटरी कायम जास्त उपसली जाते, दोघींचा मेळ बिघडतो आणि थंडीत पहाटे सेल्फ मारायच्या वेळी रडायची पाळी येते. सरळ 24वरून चालणारा कन्व्हर्टर लावून घेतला, प्रश्न मिटला.

यंत्राला सिम लागत नाही, रिचार्ज नाही. हे ड्रायव्हर लोकांना पटायला फार वेळ लागला. उपग्रह फक्त वेळ आणि ते स्वतः कुठे आहेत एवढंच सांगत राहतात. निदान चार उपग्रह दिसले की यंत्र स्वतःच हिशेब करून कुठे आहोत ते काढतं. नकाशा आतच असतो. बिजासन घाटात फोनचं नेटवर्क गेलं तरी बाण चालतो. खोक्यावर जीपीएस, ग्लोनास, नाविक अशी वेगवेगळ्या देशांच्या उपग्रहांची नावं छापलेली आहेत. आपला नाविक आहे म्हणून मला बरं वाटलं, पण चालवताना कोणामुळे काय फरक पडला ते सांगता येणार नाही.

बाण चालतो, पण नकाशा जुना असेल तर चालून काय उपयोग? मानपूरहून खाली निमाडात उतरताना गणेश घाट लागतो. अपघातांसाठी बदनाम. उतरणाऱ्या गाड्यांसाठी तिथे 2024च्या अखेरीला नवा रस्ता सुरू झाला. आमच्या यंत्राला तो ठाऊक नव्हता. पहिल्याच फेरीत गाडी नव्या रस्त्याला लागली आणि पडद्यावर बाण कोऱ्या शेतात तरंगायला लागला. बाई सुरू झाल्या, 'कृपया यू टर्न लें.' भरलेली गाडी, उतार, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर रोखून धरलेली, आणि ही बया दर तीस सेकंदांनी मागे फिर म्हणते. खालून उस्तादांचा फोन आला, 'भाऊ, हिला गप करा, नाहीतर मी काचेबाहेर फेकतो.' नवा नकाशा डिसेंबरात आला. तो भरायला लॅपटॉप, चांगलं नेट आणि घरचा एक शिकलेला मुलगा लागतो. त्यानंतर तो रस्ता दिसायला लागला. घेताना विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, की नकाशा किती दिवसांनी बदलतो आणि त्याचे पैसे पडतात का.

इगतपुरी–आमणे हा समृद्धीचा शेवटचा तुकडा जून 2025मध्ये सुरू झाल्यापासून आम्ही घाईच्या मालाला कसारा घाट सोडून तिकडून जातो. तिथे जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. डोंगराखाली उपग्रह कुठून दिसणार? आत शिरल्यावर बाण थोडा वेळ अंदाजाने पुढे सरकतो, मग थबकतो. बाहेर आल्यावर दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा जागेवर. बोगद्यात वळायचं नसतंच, त्यामुळे नुकसान काही नाही.

पोहोचायची वेळ मात्र यंत्र कारच्या हिशेबाने सांगतं. भिवंडीला सुरुवातीला दहा तास दाखवायचं! पार्टीला ती वेळ कळवली तर दिवसभर शिव्या. सेटिंगमध्ये जास्तीत जास्त वेग 55 केल्यावर आकडा माणसात आला. त्यावर जेवण, चहा आणि नो एन्ट्री सुटायची वाट असे चार तास आम्ही तोंडी मिळवतो.

उन्हाळ्यात काय झालं ते थोडक्यात. मे महिन्यात सेंधव्याला दुपारी गाडी उभी होती, काचेचा रबरी कप सुटला आणि यंत्र डॅशबोर्डवर बिजासन मातेच्या फोटोपाशी पडलेलं सापडलं. हात लावला तर तवा. पंखा समोर धरल्यावर वीस मिनिटांनी चालू झालं. आता स्क्रूने बसवलंय, उजव्या खांबाजवळ, खाली, म्हणजे समोरची काच मोकळी राहते. गाडी उभी केली की वर ओला नाही, कोरडा पंचा. (ओला टाकणारे आमच्याकडेच निघाले.)

आता ती सोय. यंत्रात 'माझ्या जागा' म्हणून हव्या तेवढ्या खुणा टाकता येतात. प्रत्येक खुणेला नाव, आणि जवळ आलं की घंटी, किती मीटर आधी ते आपण ठरवायचं. मी पहिली खूण त्या कमानीवर टाकली. मग एका रविवारी उस्तादांना घरी बोलावलं. रामबागेत आमच्या ओट्यावर पोह्यांची बशी, शेजारी यंत्र, आणि उस्ताद डोळे मिटून खलघाटपासून सुरू. 'पुलानंतर डाव्या हाताला ढाबा, गाडी लावायला जागा, रात्री चौकीदार. त्याच्या पुढच्या ढाब्यावर डिझेल चोरी होते, तिथे थांबायचं नाही. सेंधव्याआधी धरमकाटा, खरं वजन दाखवतो.' मी टाइप करतोय, ते थांबतच नाहीत. राहुड घाटात कुठून गिअर खाली घ्यायचा, नाशिकच्या अलीकडे टायरवाला कुठला, भिवंडीच्या कोणत्या गल्लीत दहा चाकी वळते आणि कोणत्या गल्लीत वळल्यासारखी वाटते पण अडकते. दोन रविवारांत एकशे चौदा खुणा झाल्या. नव्या गोदामाला गाडी गेली की फाटकाची जागा टाकायची, पत्त्याची नाही, हा नियमही त्यांचाच. पत्ता समोरच्या रस्त्यावर असतो, ट्रक मागून आत जातो.

जानेवारीत आमच्या दुसऱ्या, तरुण ड्रायव्हरला ही गाडी दिली. तो आधी कधी भिवंडीला एकटा गेला नव्हता. त्याने एकच फोन केला, तोही बिल्टीवरचा, म्हणजे मालाच्या पावतीवरचा, शिक्का पुसट आला म्हणून.

ज्यांची गाडी कायम एकाच कारखान्यातून एकाच गोदामात जाते, त्यांनी यंत्र घेऊ नये, पैसे टायरात घालावेत. दर फेरीला नवी पार्टी असेल तर घ्या, पण ट्रकचं चित्र काढलेल्या खोक्याला भुलू नका. आत भरलेला नकाशा, 24 व्होल्टचा चार्जर, स्वतःच्या जागा टाकायची आणि एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायची सोय, उन्हात वाचता येणारा पडदा, इतकं बघा. फोन स्टँडवर लावूनही चालतं. 2020 पासून नियमात रस्ता बघण्यापुरता फोन वापरायची मुभाही आहे. पण ड्रायव्हरचा फोन म्हणजे त्याचं घर. ऐन चौकात बायकोचा फोन येतो आणि नकाशा जातो. माझ्या मते वेगळा पडदा हवा तो यासाठी.

दुसऱ्या गाडीसाठी मी साधं, कारचं यंत्र घेतलंय, निम्म्या किमतीत, आणि त्याच एकशे चौदा खुणा त्यात उतरवल्या. आता त्या एकशे एकतीस झाल्यात. उस्ताद अजूनही यंत्राकडे बघत नाहीत, आवाज बंद करून ठेवतात. पण परवा रात्री अकराला त्यांचा फोन आला, 'भाऊ, झोपलात का? सावळद्याच्या पुलाआधी डाव्या पट्ट्यात मोठा खड्डा झालाय. पोराच्या गाडीत टाकून ठेवा.'